देव न मानणाऱ्यांकडून ख्रिस्ती माणसानं काय शिकावं? एका ओटी सिस्टरचं उत्तर

सलाम बेटा. तू लिहिलंस की तरुण संघात एका मुलानं विचारलं, ऑफिसात कॉलेजात आपण जगिक, म्हणजे देव न मानणाऱ्या बाहेरच्या लोकांकडून जे चांगलं शिकतो ते मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या कारभारात आणायला काय हरकत आहे, आणि त्यावर एका वडीलधाऱ्यांनी रोमकरांस १२:२ वाचलं, या युगाबरोबर समरूप होऊ नका, आणि विषय तिथंच संपला. मी नागपुरातच सरकारी दवाखान्यात आयुष्यभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, आता रिटायर आहे, आणि पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर पण बरीच वर्षं बसले, म्हणजे दोन्हीकडचं काम जवळून बघितलं आहे, म्हणून जरा लांबच लिहिते, वेळ काढून वाच.

उत्तर हो आहे, शिकावं. आणि माझ्या मते शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट एकच आहे. माणूस चुकतो, कितीही चांगला असला तरी चुकतो, हे आपण दर रविवारी बोलतो, सर्वांनी पाप केलं आहे हे वचन आपल्या लेकरांना तोंडपाठ असतं. आणि तरी मंडळीचा कारभार आपण असा चालवतो की पाळकसाहेब चुकणारच नाहीत, खजिनदार चुकणारच नाही, संडे स्कूलच्या टीचरचं तर नावच काढू नका. जगानं काय केलं, माणूस चुकणार हे धरूनच कामाची पद्धत बसवली. कोणी कोणाला तपासायचं, कोणी कोणाला विचारायचं, काय लिहून ठेवायचं हे आधीच ठरवून टाकलं, म्हणजे ऐन वेळी कोणाला हिंमत गोळा करावी लागत नाही. शिकवण आपल्याकडे आहे, व्यवस्था त्यांच्याकडे आहे, आणि ती व्यवस्था आपण घेतली तर आपल्याच शिकवणीला धरून होईल.

ज्या काकांनी ते वचन वाचलं त्यांना पुढचा भाग पण वाचायला सांग, तिथंच लिहिलंय की मनाच्या नवीकरणानं बदला आणि देवाची इच्छा काय ते पारखून घ्या. पारखायचं तर आधी बघावं लागतं ना. आणि बायबलातला निर्गम १८ काढ. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला, लोक लाइनीत उभे, आणि त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानी लोकांचा याजक होता, इस्राएली नव्हता, तो म्हणतो की हे बरं नाही, तू पण थकशील आणि लोक पण थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर भरवशाची माणसं नेम. मोशेनं ऐकलं. दहा आज्ञा येतात विसाव्या अध्यायात, म्हणजे त्याच्या दोन अध्याय आधी बाहेरच्या माणसानं कारभाराचा सल्ला दिलेला आहे आणि पवित्र शास्त्रानं तो नावासकट जपून ठेवलाय. मला हा भाग फार आवडतो. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या माणसाला सासऱ्याचं ऐकताना कमीपणा वाटला नाही.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण मी हे तिथंच शिकले. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी स्क्रब नर्स आणि सर्क्युलेटिंग नर्स दोघी मिळून मॉप (रक्त टिपायची कापडं), गॉझ, सुया, इन्स्ट्रुमेंट मोठ्यानं मोजतात, बोर्डावर लिहितात, आणि पोट बंद करायच्या आधी परत मोजतात. एक मॉप कमी निघाला की सर्जन कितीही मोठा असो, सगळ्यांचे हात थांबतात. आधी पोटात शोधायचं, मग खाली, मग बकेटमध्ये, मग कचऱ्याच्या पिशवीत, आणि तरी नाही मिळाला तर एक्स-रे. सिस्टर माझ्यावर संशय घेऊन राहिली असं कुठला सर्जन म्हणत नाही, उलट काउंट न सांगता बंद करायला दिलं तर तोच ओरडतो. कारण सगळ्यांना माहीत आहे की चांगल्या सर्जनच्या हातून पण मॉप आत राहू शकतो, घाई असते, रक्त असतं, रात्रीचे तीन वाजलेले असतात.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्जरीसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर न्यायच्या आधी विचारायचे साधे प्रश्न. हा पेशंट कोण, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, अँटिबायोटिक दिलं का, काउंट बरोबर आहे का. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्ली पण होती, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्यात एक मुद्दा असा आहे की चिरा घ्यायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. सुरुवातीला किती जणांना हे पोरखेळ वाटलं असेल, पण त्यामागचा विचार खोल आहे, जो माणूस एकदा तोंड उघडून बोललाय तो पुढं काही चुकीचं दिसलं तर परत बोलतो.

विमानवाल्यांनी हे आमच्याही आधी शिकलं, आणि फार मोठी किंमत देऊन. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाचा कॅप्टन त्या कंपनीतला फार सीनियर, दुसऱ्या पायलटांना ट्रेनिंग देणारा. टेकऑफची परवानगी मिळालेली नसताना त्यानं विमान पळवलं, आणि कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं सुद्धा की ते समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही का. कॅप्टननं ठासून सांगितलं झालंय, आणि तो गप्प बसला. त्यानंतर विमान कंपन्यांनी नवीन ट्रेनिंगच सुरू केलं, ज्युनिअरनं सीनियरला कसं अडवायचं आणि सीनियरनं ते कसं ऐकायचं याचं.

हे वाचून आपल्या कमिटीची मीटिंग आठव. कोणी नवीन मेंबर विचारतो की हॉलच्या रंगाचं बिल कुठं आहे, तर लगेच आवाज येतो, अभिषिक्तावर, म्हणजे देवानं नेमलेल्या पाळकांवर, हात टाकू नका. काहून बाप्पा? बिल मागणं म्हणजे हात टाकणं कसं झालं? दावीदानं अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरं, पण तोच दावीद राजा झाल्यावर पाप करून बसला तेव्हा त्याला नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सांगितलं की तो माणूस तूच आहेस. अंत्युखियात पौलानं येशूच्या जुन्या शिष्याला, पेत्राला, सगळ्यांसमोर अडवलं, गलतीकरांच्या पत्रात आहे. आपल्या शास्त्रात ज्युनिअरनं सीनियरला अडवल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आपण मात्र सोयीचं एक वचन घेऊन बसलो.

पैशाचं बघ. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेली वर्गणी पौल एकट्या तीताच्या, आपल्या सोबत्याच्या, हाती देत नाही, सोबत आणखी दोन भाऊ पाठवतो, आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात कारण पण सांगतो, या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि आम्ही प्रभूपुढंच नाही, माणसांपुढं पण चांगलं वागायला बघतो. बँकवाले, ऑडिटवाले आज जे सांगतात ते यापेक्षा वेगळं काय आहे? दानार्पणाच्या थैल्या एकाच घरातली दोन माणसं मोजतात ही पद्धत बंद झाली पाहिजे, नात्यात नसलेल्या दोघांनी तिथंच मोजावं, रजिस्टरवर दोघांची सही, सोमवारी बँकेत भरणा. आता सगळीकडं क्यूआर कोड लागलेत, तो मंडळीच्या खात्याचा आहे का कोणाच्या पर्सनल खात्याचा हे कोणी तरी स्कॅन करून नाव वाचावं, एवढं सोपं काम आहे. महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागावा. ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ऑडिट करावंच लागतं, ट्रस्टी बदलले तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि हे वेळेवर न झाल्यामुळं पुढं खरा ट्रस्टी कोण याच्यावर कोर्टात किती वर्षं जातात हे आपल्या समाजात सगळ्यांना माहीत आहे. धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस म्हणजे मंडळीचा छळ करणारं ऑफिस असं आपल्याकडं बोललं जातं, मला ते पटत नाही. हिशोब मागणारा बाहेरचा कोणी असणं ही प्रामाणिक खजिनदारासाठी सगळ्यात मोठी सोय आहे, कारण उद्या कोणी आरोप केला तर त्याच्या हातात कागद असतो.

यापेक्षा महत्त्वाचा विषय लेकरांचा आणि बायकांचा आहे आणि इथं मी जरा कडक बोलणार. पॉक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला समजलं त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. आधी पाळकांना सांगू, मग कमिटीत ठेवू, मग प्रार्थना करून ठरवू, हा रस्ता कायद्यात नाही. मत्तय १८ प्रमाणं आधी एकांतात त्या भावाशी बोला असं काही लोक सांगतात, पण ते दोन मोठ्या माणसांतल्या तंट्यासाठी आहे, आठ वर्षांच्या लेकरानं कोणाशी एकांतात बोलायचं? त्याच अध्यायात सुरुवातीला या लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याबद्दल प्रभू येशू काय म्हणाला ते वाच, जात्याची तळी गळ्यात बांधून समुद्रात बुडवणं बरं असं म्हणाला. मग संडे स्कूलच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, दाराला काच किंवा दार उघडं, कॅम्पला मुलींसोबत बाई असणं, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर लिहिलेला असणं, हे जगानं शिकवलं तर धन्यवाद म्हणून घ्यावं.

मोठ्या बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून आलेला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती पाहिजे, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका, आणि एक मेंबर बाहेरच्या संस्थेतला. आपली शाळा, दवाखाना, होस्टेल, ऑफिस सगळ्यांना हे लागू आहे. तो बाहेरचा मेंबर मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण आपल्यात सगळे एकमेकांचे नातलग, साहेबाच्या विरुद्ध साडूच कसा बोलणार. आणि क्षमेबद्दल एक गोष्ट नीट समजून घे बेटा, कारण हेच शस्त्र म्हणून वापरतात. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याला लागलंय त्याच्या आणि देवाच्या मधलं आहे. चौकशी करणं हे संस्थेचं काम आहे. पीडित बाईनं क्षमा केली म्हणून संस्थेची चौकशी माफ होत नाही.

दवाखान्यातली अजून एक गोष्ट मंडळीत यावी असं मला फार वाटतं. बाळंतपणात आई गेली की आपल्या देशात प्रत्येक मृत्यूची चौकशी करायची पद्धत आहे, कोणाला फासावर द्यायला नाही, का झालं ते शोधायला. गावात मृत्यू झाला तर आरोग्याची माणसं घरी जाऊन घरच्यांना विचारतात, दुखायला कधी लागलं, निघायचं कधी ठरलं, गाडी किती वेळानं मिळाली, दवाखान्यात पोचल्यावर किती वेळ बसावं लागलं. उशीर कुठं झाला ते त्यातून कळतं, घरी ठरवण्यात, रस्त्यात, की आमच्याच दारात. २००४-०६ च्या सुमारास देशात एक लाख जिवंत जन्मांमागं २५४ माता मरत होत्या, २०१८-२० ला तो आकडा ९७ वर आला आणि महाराष्ट्रात ३३ वर. याला कारणं पुष्कळ आहेत, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, १०८ ची ॲम्ब्युलन्स आली, आशाताई आल्या, पण का गेली हे विचारायची सवय नसती तर उशीर कुठं होतो हे कसं समजलं असतं?

आपल्या मंडळीतून पोरं जाऊन राहिली. पुण्याला नोकरीला गेली ती सोडून दे, इथंच राहतात, सदरला, मोहननगरला, जरीपटक्याला, आणि दोन दोन वर्षं उपासनेला येत नाहीत. आपण म्हणतो, जगात गेला. संपलं. कोणी घरी जाऊन बसतो का, की बेटा काय झालं होतं, कधीपासून मन उठलं, त्या वेळी तू कोणाला काही बोलला होतास का, आणि त्यानं काय उत्तर दिलं? मी काही जणांकडं गेले, चहा घेतला, बायबल उघडलं नाही, फक्त विचारलं. कोणी म्हणालं वडील आजारी होते तेव्हा कोणी आलं नाही. कोणी म्हणालं शाळेतल्या सायन्सबद्दल प्रश्न विचारला तर सगळ्यांसमोर गप्प केलं. एका मुलीनं लग्न ठरवताना जे ऐकून घेतलं ते इथं लिहिणार नाही. देवावर राग कोणाचाच नव्हता. उशीर आमच्या दारात झाला होता.

सायन्सचं निघालं म्हणून सांगते. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी, शुभवर्तमान सांगायला आले आणि आपल्या भागातले दगड, जीवाश्म गोळा करत फिरले, त्यांच्या नावाचं हिस्लोपाइट नावाचं खनिज आहे. गोंड लोकांची भाषा आणि गाणी लिहून ठेवली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं बघून परत येताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि चूक निघाली तर दुरुस्त करायची, ही शास्त्रज्ञांची पद्धत त्यांनी विनासंकोच घेतली, आणि त्यानं त्यांचा विश्वास पातळ झाला असं काही दिसत नाही.

मनाच्या आजाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हा स्वतंत्र विषय आहे. डिप्रेशनला विश्वास कमी आहे म्हणणं आणि गोळ्या बंद करायला लावून उपवास प्रार्थनेला बसवणं, हे मी बघितलंय आणि त्याचा शेवट पण बघितलाय. प्रार्थना करा, मी पण करते, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि पाळकांना ओळखता आलं पाहिजे की हा माणूस आता आपल्या हातातला नाही, याला सायकियाट्रिस्टकडं न्यायचं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

आणि शिफ्टची हँडओव्हर. रात्रीची सिस्टर जाताना सकाळच्या सिस्टरला बेडनुसार सांगते, याचं ड्रेन काढायचंय, याला ताप आहे, ही बाई रात्रभर रडत होती. पाळकांची बदली होते तेव्हा नवीन साहेबांच्या हातात काय येतं? किल्ल्या आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या मावशी कुठल्या गल्लीत राहतात, कोणाच्या घरी दारूमुळं मारहाण होते, कोणाचा मुलगा गेल्या वर्षी गेला, हे कोणीच सांगत नाही आणि ती माणसं सहा महिने वाट बघत राहतात. कोणी विश्वासानं सांगितलेली कबुली लिहायची नाही, ती पोटातच ठेवायची. पण कोणाला भेटीची गरज आहे एवढी यादी तरी द्यावी.

खरं तर आपण जगाकडून शिकतो आहोतच, पण जे घ्यायला नको होतं ते आधी घेतलं. एलईडी स्क्रीन आली, पोस्टरवर पाळकांचे मोठे फोटो आले, किती जण जमले त्यावर सभा यशस्वी ठरायला लागली, प्रवचनात यशस्वी व्हायचे उपाय सांगायला लागले, आणि खुर्चीसाठी जगिक निवडणुकीसारखे पॅनल उभे राहायला लागले. जगानं स्वतःच्या अहंकाराला आवरायला जे नियम केले ते दारात ठेवून अहंकार तेवढा आत घेतला, असं मला दिसतं आणि वाईट वाटतं.

जगाकडं सगळं आहे असं मी म्हणणार नाही. फॉर्म पूर्ण भरलेला, सगळ्या सह्या असलेला, आणि पेशंट एकटा मेलेला, हे पण मी खूपदा बघितलंय, तिथं हात धरून बसायला चेकलिस्ट नव्हती, तिथं मला माझ्या आईनं शिकवलेलं स्तोत्र २३ कामाला आलं. जे आपल्याकडं आहे ते सोडायचं नाहीच.

आता तुझ्या तरुण संघाला काय करता येईल. सगळं एकदम मांडू नका, लोक घाबरतात आणि मग काहीच होत नाही. एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरींना लेखी द्या, दोनच मागण्या, एक म्हणजे दानार्पण नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं आणि महिन्याचा जमाखर्च बोर्डावर लागावा, दुसरी म्हणजे संडे स्कूलमध्ये दोन मोठी माणसं आणि तक्रार घ्यायला एका बाईचं नाव ठरलेलं असावं. अर्जाच्या कॉपीवर तारखेसकट पोच घ्या. त्या वचन वाचणाऱ्या काकांना आधी घरी जाऊन भेट, त्यांना पौलाचा तो आठवा अध्याय दाखव आणि अर्जावर पहिली सही त्यांचीच माग, मला वाटतं ते करतील.